प्रक्षोभन, गंभीर व आकस्मिक
दुसऱ्याच्या कृतीने किंवा शब्दांनी एकाएकी तीव्र क्षोभ होऊन आत्मसंयम गमावलेल्या व्यक्तीने केलेला वध खून न ठरता सौम्यतर शिक्षेचा सदोष मनुष्यवध ठरतो, असा दंडविधीतील अपवाद. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ३०० व्या कलमातील हा पहिला अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०१ व्या कलमात आहे. तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. आरोपीने स्वतः ओढवून घेतलेले प्रक्षोभन यात बसत नाही.

या अपवादाची मर्यादा नानावटी खटल्यात स्पष्ट झाली. नौदल अधिकारी कावस नानावटी यांना २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत पत्नीकडून तिच्या प्रेम आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली मिळाली. पत्नी व मुलांना चित्रपटगृहात पोहोचवून ते आपल्या जहाजावर गेले, तेथून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली आणि कबुलीनंतर सुमारे तीन तासांनी आहुजांच्या घरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. झटापटीत गोळ्या सुटल्या हा मुख्य बचाव होता. प्रक्षोभनाचा मुद्दा पर्यायी होता. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी मात्र असहमत होऊन प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली.

त्याच समाजस्तरातील समंजस मनुष्य अशा प्रसंगी संयम गमावील काय, ही कसोटी न्यायालयाने सांगितली. शब्द व हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात आणि पूर्वीचे प्रसंगही विचारात घेता येतात, हे त्याने मान्य केले. परंतु वध राग शमण्यापूर्वीच घडलेला असला पाहिजे. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ मध्ये नानावटींना माफी दिली, तरी हा निर्णय अबाधित राहिला. ठाणे किंवा कल्याणच्या सत्र न्यायालयात हा बचाव मांडला गेल्यास त्यामुळेच क्षोभ व वध यांमधील अवधीत आरोपी काय करीत होता, हे प्रथम पाहावे लागते.