आटोपशीर सुतारमेट

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील सुपीक चौरास भागात आसगाव हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. धानाचा मुलूख म्हटला की लाकडाशी नाते आलेच. नांगर, वखर, तिफण, बंडी, घराची चौकट, एवढेच नव्हे तर बाळाचा पाळणा, हे सारे येथे पिढ्यान्‌पिढ्या सागवान, बिजा, ऐन आणि शिवण यांतून घडत आले. ट्रॅक्टर आल्यापासून बंडीचे काम ओसरले. परंतु लाकडाची आवड ओसरली नाही. ज्यांचा तो पिढीजात धंदा नव्हे अशा घरांतही पडवीच्या एका बाजूस करवत, रंधा आणि पटाश्या यांचे छोटेसे सुतारमेट मांडलेले आढळते.

असे एखादे घर क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. घरधनी निवृत्त शिक्षक आहेत. वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी एकेक हत्यार जमविले. मग गोल करवतीचे यंत्र आले, रंधायंत्र आले, आणि भिंतीशी सागवानी फळ्यांची चळत उभी राहिली. आता त्यांच्या पोटावर अंतर्गळाची, म्हणजे ज्याला सर्वजण हर्निया म्हणतात त्याची, शस्त्रक्रिया झाली आहे. नागपूरहून घरी येऊन आठ दिवस झाले. मुलगा प्रेमानेच म्हणतो, “बाबा, पुरे झाला हा पसारा. सारे विकून टाकू आणि पडवी मोकळी करू.” वडील बोलत नाहीत, पण त्यांना वाटते, हत्यारांबरोबर आपलीही अडगळीत रवानगी झाली.

या प्रसंगात दोन्ही पक्षांची एकच चूक होत असते. पसारा कमी करणे आणि कला सोडणे या दोन गोष्टी ते एकच समजतात. वस्तुतः त्या अगदी भिन्न आहेत. शस्त्रक्रियेनंतर कमी करावयाचा असतो तो भार; कसब नव्हे. हा भेद नीट ध्यानात यावयाचा तर प्रथम जखम कशी भरते हे समजून घेतले पाहिजे.

त्वचेचे टाके निघाले म्हणजे जखम बरी झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण वरून मिटलेली जखम आतून अद्याप कच्ची असते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्वचेच्या जखमेला मूळच्या बळकटीच्या सुमारे 3 टक्केच बळ आलेले असते. तिसऱ्या आठवड्यात ते 20 टक्क्यांच्या आसपास जाते. आणि तीन महिन्यांनी 80 टक्क्यांपर्यंत पोहोचते. पूर्वीचे शंभर टक्के बळ त्या जागी पुन्हा कधीच येत नाही. सुताराला हे समजण्यास कठीण नाही. सरसाने जोडलेला सांधा वरून कोरडा दिसला म्हणून कोणी जाणता कारागीर त्यावर लगेच वजन टाकीत नाही. आवळपट्ट्या सोडण्याची वेळ डोळ्यांनी ठरत नसते, सरसाच्या गुणाने ठरत असते. शरीराचा सरसही आपल्याच गतीने वाळतो.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. हल्ली शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रोग्यास चालावयास लावतात. मग उचलण्यास बंदी का? 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. त्या काळी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ बिछान्यावर पडून राहणे हाच नियम होता; गांधीजींनीही सुटकेनंतर जुहूच्या समुद्रकिनारी विश्रांती घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून हा नियम पालटला. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठते, फुप्फुसांत कफ साठतो, हे ध्यानात आल्यामुळे रोग्यास लवकर उठवू लागले. पण लवकर चालणे निराळे आणि लवकर उचलणे निराळे. चालण्याने रक्त खेळते. उचलण्याने पोटाच्या आत दाब वाढतो आणि तो नेमका कच्च्या सांध्यावर येतो. म्हणून अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलू नये असे सांगतात. पोट मोठ्या प्रमाणात उघडले असल्यास ही मुदत आणखी वाढते. नेमका आकडा मात्र ज्या शल्यचिकित्सकाने हात लावला त्याचाच प्रमाण मानावा.

आता हा भार सुतारमेटात कोठे कोठे दडलेला असतो ते पाहू. यंत्रांचे वजन सर्वांनाच दिसते. फळीचे वजन मात्र कोणी हिशेबात धरीत नाही. सहा फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड इंच जाड अशी वाळलेल्या सागवानाची एक फळी सुमारे 14 किलो भरते. तीच बिजाची असेल तर 17 किलोच्या घरात जाते, ऐनाची त्याहून जड, आणि शिवणीची 10 किलोच्या आसपास. ज्याला पाच किलोंच्या वर उचलू नका असे सांगितले आहे, त्याला यांपैकी एकही फळी निषिद्ध आहे. परंतु त्याच सागवानी फळीचे दोन-दोन फुटांचे तीन तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा पाच किलोंच्या आत येतो. म्हणजे लाकूड तेच, काम तेच. केवळ आरा मशीनवरूनच ते हवे तेवढे कापून आणविले की निम्मी अडचण संपली. चळतीतील लांब फळ्याही दुसऱ्याच्या हातून अशाच कापून घ्याव्यात.

दुसरा दडलेला भार धुळीचा. धुळीला वजन नसते. पण ती नाकात गेली की शिंक आणि खोकला येतो, आणि जोराच्या खोकल्याने पोटावर बसणारा ताण उचलण्याच्या ताणाहून कमी नसतो. म्हणूनच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यास खोकताना जखमेवर उशी दाबून धरण्यास शिकवितात. शिवाय सागवानाच्या धुळीने पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते. आणि लाकडाच्या धुळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1995 साली मानवास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला आहे. घासण्याचे यंत्र आणि गोल करवत ही बारीक धूळ सर्वांत अधिक उडवितात. हातरंध्याने निघतो तो भुसा नव्हे, छिलका. तो जमिनीवर पडतो, हवेत तरंगत नाही. तेव्हा काय ठेवावे आणि काय काढावे याचा कौल येथे आपोआपच मिळतो.

निवड करताना किमतीकडे न पाहता भाराकडे पाहावे. जे एकट्याला हलविता येत नाही, जे बारीक धूळ उडविते, आणि ज्याच्या हिसक्यास आवरण्यासाठी सारे अंग ताठ करावे लागते, ते पहिल्या वर्गात पडते. गोल करवत आणि रंधायंत्र बहुधा याच वर्गात जातील. ज्यास बळ लागते पण जे बळ परतल्यावर वापरता येईल, असे मोठे रंधे, लांब करवती आणि वाकस दुसऱ्या वर्गात. आणि गुण्या, बारीक पटाश्या, छोटा रंधा, हातकरवत, कानस, लहान हातोडी, धार लावण्याचा दगड व लाकूड घट्ट पकडणारा शेगडा हा तिसरा वर्ग. हेच नव्या सुतारमेटाचे घर. ही छाननी घरधन्याने खुर्चीवर बसून करावी आणि उचल-ठेव इतरांनी करावी. मुलाने विचारावे, वडिलांनी सांगावे. या क्रमात बदल होता कामा नये. कारण हत्यारांचा निकाल मालकाच्या पाठीमागे लागला, तर पोटावरची जखम भरली तरी मनावरची भरत नाही.

याहूनही महत्त्वाचा एक नियम आहे. पहिले सहा आठवडे काहीही विकू नये. अशक्तपणात माणसाला वाटते की आता आपल्याच्याने काहीच होणार नाही, आणि त्या उदासीनतेत तो उत्तम रंधाही मातीमोल देऊन टाकतो. बरे वाटू लागताच याच्या उलट, सारे ठेवावेसे वाटते. दोन्ही निर्णय कच्चेच. तोवर पहिल्या दोन वर्गांतील लोखंडास यंत्राच्या तेलाचा हात द्यावा, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत गंज चढावयास वेळ लागत नाही. आणि फळ्या जमिनीपासून वर, विटांवर रचाव्यात, म्हणजे वाळवीपासून रक्षण होईल.

एवढ्या थोड्या हत्यारांवर काम कसले होणार, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर गावातच आहे. विदर्भात ज्याला वाढई म्हणतात तो जुना बलुतेदार सुतार आपले सारे सुतारमेट एका पिशवीत घालून दारोदार जात असे. जमिनीवर बसून, पायाच्या बोटांत लाकूड पकडून, वाकस, करवत आणि पटाशी यांवर त्याने गावाचे नांगर चालते ठेवले. त्याचे कसब पिशवीत नव्हते, हातात होते. अनुकरण मात्र त्याच्या साधेपणाचे करावे, बैठकीचे नव्हे. जमिनीवरून उठताना पोटावर फार ताण येतो. म्हणून बारीक कामास कोपराच्या उंचीजवळ येणारे मेज आणि उंच तिवई बरी.

कामाकडे परतणेही पायरीपायरीने व्हावे. आरंभी आखणी, मापे, नकाशे. मग एकेका पटाशीला सावकाश धार. त्यानंतर कानशीने आणि सुरीने होणारी हलकी कामे. आणि रंधा व करवत अगदी शेवटी, वैद्यकीय अनुज्ञा मिळाल्यावर. गुंगी आणणारे औषध चालू असेतो कोणत्याही धारेला हात लावू नये, आणि घरात दुसरे माणूस नसता कामास बसू नये.

मग जे खरोखरच द्यावयाचे ठरले ते कोठे जावे? भंगाराच्या तराजूत तर नव्हेच. ज्या तरुण वाढईला यंत्र घेण्याची ऐपत नाही त्याला ते बेताच्या किमतीत मिळाले, तर यंत्रही चालते राहते आणि जुन्या मालकाला जाड फळी रंधून आणावयास एक हक्काचे ठिकाण मिळते. अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामाचेही तसेच. ते त्याच्या हाती सोपवून आपण शेजारी बसून सांगावे. यात विद्याही पुढे जाते आणि कामही पुरे होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. वीतभर उंचीचा असा बैल घडविण्यास शिवणीचा एक लहानसा तुकडा, हातकरवत, दोन पटाश्या आणि कानस एवढे पुरते. ज्या हातांनी कधी बंडीचे जू घडविले, त्या हातांना वर्षाच्या त्या ऋतूत नातवासाठी हा बैल घडविता आला, तर सुतारमेट लहान झाले असे म्हणता येईल. संपले असे कोणालाही म्हणता येणार नाही.