रस्त्याची जाडी माती ठरवते

म्हैसूरच्या रिंगरोडलगत आणि त्यापलीकडे, बोगादी, हूटगळ्ळी, श्रीरामपुरा या बाजूंना गेल्या दोन-तीन दशकांत शेतजमिनींवर एकामागून एक ले-आऊट पडले. काही नगरविकास प्राधिकरणाने पाडले, बरेचसे खाजगी विकासकांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी. मंजुरी, प्लॉटची आखणी, विजेचे खांब आणि काळाभोर डांबरी रस्ता एवढे झाले की विक्री सुरू होते. घरे मागाहून, पाच-दहा वर्षांत एकेक करून उभी राहतात आणि तोवर रस्ता उखडलेला असतो. मग दोष डांबराला जातो, ठेकेदाराला जातो, पावसाला जातो. ले-आऊट पालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या ताब्यात गेलेला नसेल, तर दुरुस्तीचा खर्च रहिवाशांच्याच अंगावर पडतो. माझ्या मते अशा बहुतेक रस्त्यांचे भवितव्य डांबर पडण्याच्या खूप आधी ठरलेले असते. वरच्या वीस-पंचवीस मिलिमीटरवर सगळ्यांची नजर असते; खालच्या तीनशे मिलिमीटर मातीकडे कुणी पाहत नाही. रस्ता किती जाड हवा हा प्रश्न मातीला विचारायचा असतो, आणि आपण तो दरपत्रकाला विचारतो.

चाकाचा भार शेवटी पेलते ती मातीच. खडीचे थर तो भार पसरवतात, म्हणजे हाताएवढ्या जागेवर येणारा दाब खाली जाईपर्यंत मोठ्या क्षेत्रावर विभागतात. माती जितकी दुबळी, तितका भार जास्त पसरवावा लागतो, म्हणून खडीची जाडी वाढते. मातीचे हे बळ मोजण्याची पद्धत १९२०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात तयार झाली आणि आजही सीबीआर या नावाने जगभर चालते. साच्यात दाबून भरलेली माती चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. मग ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मिनिटाला सव्वा मिलिमीटर या गतीने तिच्यात घुसवतात आणि अडीच मिलिमीटर आत जायला किती जोर लागला ते पाहतात. चांगल्या दगडी खडीला तेवढ्यासाठी १३७० किलोचा जोर लागतो. मातीला त्याच्या किती टक्के लागला, तो तिचा सीबीआर. आपल्याकडे या आकड्यावरून जाडी सांगते ती इंडियन रोड्स काँग्रेस. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ते समितीने केलेल्या कामाच्या पायावर ही संस्था १९३४ साली उभी राहिली, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांसाठी तिची एसपी ७२ ही स्वतंत्र पुस्तिका आहे आणि वसाहतीतल्या रस्त्यालाही तीच सर्वांत जवळची पडते. सर्वांत हलक्या वाहतुकीच्या वर्गात, सीबीआर दहाच्या वर असलेल्या मातीवर एकूण सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते. सीबीआर दोनवर आला की तीच जाडी तीनशेच्या घरात जाते. वाहने तीच, घरे तीच, फक्त माती बदलली आणि जाडी दुपटीहून जास्त झाली. मातीची चाचणी न करता ‘सहा इंच खडी आणि वर कार्पेट’ असे अंदाजपत्रक बनवणारा माणूस एक तर रहिवाशांचे पैसे वाया घालवत असतो किंवा रस्ता.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की म्हैसूरची माती मुळातच चांगली आहे. यात तथ्य आहे. मराठवाडा-विदर्भात घर बांधणाऱ्याला काळ्या मातीने जो छळ मांडलेला असतो, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगून वर येणारी फरशी, तो म्हैसूर शहराच्या बहुतेक भागात नाही. इथला खडक ग्रॅनाइट-नीसच्या जातीचा आणि त्याच्या झिजेतून झालेली लाल, वाळूमिश्रित माती पाण्याने फारशी फुगत नाही. पण ‘लाल माती’ हे एकच नाव फार वेगवेगळ्या मातींना पडलेले आहे. उंचवट्यावर ती मुरमाड असते, उताराच्या पायथ्याशी चिकण आणि गाळाची. शिवाय कोरडी असताना दगडासारखी कडक वाटणारी लाल माती भिजली की बळ गमावते. म्हणूनच तर चाचणीत चार दिवस भिजवायचे. जिल्ह्याच्या दक्षिणेला नंजनगूडच्या अंगाने काळ्या मातीचे पट्टे आहेतच. आणि शेतजमिनीवर ले-आऊट पाडताना जुनी विहीर, ओढ्याची पन्हळ, तळ्याच्या कडेची भातखाचरे असे बरेच काही भरावाखाली गाडले जाते. तळ्यांच्या या शहरात कुठला रस्ता जुन्या पाणथळीवरून जातो, हे कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही, गावचा जुना नकाशा पाहावा लागतो. सगळा ले-आऊट एका मातीचा आहे असे धरून चालणे हीच खरी जोखीम. मातीचा रंग किंवा पोत बदलेल तिथे खड्डा घेऊन वेगळा नमुना काढला, तर त्याचा खर्च एका गल्लीतल्या खडीच्या किमतीपुढे नगण्य असतो.

माती ओळखली, आता ती तयार करायची. इथे जे घडायला हवे ते सांगायला सोपे आणि करायला कंटाळवाणे आहे, म्हणूनच टाळले जाते. आधी वरचा सुपीक थर, मुळे, झाडाचे बुंधे काढून टाकायचे. सेंद्रिय माती कुजते आणि बसते. मग खालची माती मोकळी करून किंवा आणून पातळ थरांत, एका वेळी दीडशे ते दोनशे मिलिमीटर, पसरायची आणि प्रत्येक थर वेगळा दाबायचा. अर्धा मीटर भराव एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर वरचा थर घट्ट दिसतो, खालचा पोकळ राहतो आणि पुढच्या दोन पावसांत हळूहळू बसतो. दुसरी गोष्ट पाण्याची. प्रत्येक मातीला दबण्यासाठी एक नेमका ओलावा लागतो; वाळूमिश्रित लाल मातीत तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. त्याहून कोरड्या मातीचे कण एकमेकांवर अडकून बसतात, जास्त ओली माती रोलरखाली रबरासारखी हलते. म्हैसूरचा पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आगेमागे, मे महिन्यात वळिवाचा आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा. त्यामुळे रस्त्याची कामे डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या दिवसांत निघतात, आणि नेमके तेव्हा माती दाबायला टँकरने पाणी आणावे लागते. ते वाचवले की धूळ उडवत रोलर फिरतो, काम झाल्यासारखे दिसते, पण झालेले नसते.

झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मोजून कळते. दाबलेल्या थरात दहा सेंटिमीटर व्यासाचा, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा काळजीपूर्वक कोरतात, निघालेली सगळी माती तोलतात, तिचा ओलावा काढतात. मग वजन माहीत असलेली कोरडी, एकसारखी वाळू त्या खड्ड्यात सोडतात. किती वाळू मावली यावरून खड्ड्याचे घनफळ आणि त्यावरून मातीची घनता कळते. प्रयोगशाळेत त्या मातीची जी कमाल घनता मिळाली तिच्याशी ती ताडून पाहायची. वरच्या तीनशे मिलिमीटरला ती शंभर टक्के हवी अशी एसपी ७२ची अपेक्षा आहे. भारतीय मानक २७२०च्या २८व्या भागात ही रीत दिली आहे, लागणारे सामान एका पिशवीत मावते आणि रहिवाशांच्या डोळ्यांसमोर अर्ध्या तासात ती करता येते. तरी खाजगी कामांत ती क्वचितच होते, याचे मला फार वाईट वाटते. कारण रोलरच्या आणखी चार फेऱ्या आणि पाण्याचा आणखी एक टँकर एवढ्यातून मिळणारे बळ नंतर खडीने विकत घ्यायचे म्हटले तर शंभर मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद रस्त्यावर फक्त शंभर मिलिमीटर जाडी वाढवायला दबून बसलेली पंचावन्न घनमीटर खडी लागते.

दुसरा आक्षेप वाहतुकीचा. खाजगी रस्ता, त्यावर रहिवाशांच्या मोटारी आणि स्कूटर, त्याला एवढा थाट कशाला? मोटारींपुरते हे खरे आहे. १९५८ ते ६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटवा इथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक चालवून जे प्रयोग झाले, त्यांतून निष्कर्ष निघाला की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर हानी सोळापट. या हिशेबाने ८.१६ टनांचा एक प्रमाण आस जेवढी हानी करतो, तेवढी करायला सहाशे किलोचा मोटारीचा आस चौतीस हजार वेळा जावा लागतो. मोटारी रस्ता मोडत नाहीत. पण ज्या रस्त्यावर घरे व्हायची आहेत त्यावर मोटारींच्या आधी टिपर येतात: वाळू, खडी, विटा, सळई, पायाची निघालेली माती, काँक्रीटचे मिक्सर. एका गल्लीत साठ घरे आणि घरामागे भरलेल्या साठ फेऱ्या धरल्या तर तीन हजार सहाशे फेऱ्या होतात. मागच्या आसावर १०.२ टन असतील तर नऊ हजारांच्या आसपास प्रमाण आस होतात, म्हणजे एसपी ७२च्या दहा ते तीस हजारांच्या सर्वांत हलक्या वर्गाच्याही किंचित खाली. तोच टिपर मागच्या आसावर चौदा टन येतील असा लादला की आकडा एकतीस हजारांवर जातो आणि तो वर्ग ओलांडतो. फेऱ्या बदलल्या नाहीत, फक्त लादणी बदलली. वसाहतीतल्या रस्त्याचे सर्वांत कठीण दिवस हे त्याचे पहिले दिवस असतात. पुढची वीस वर्षे कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर, गॅसची गाडी एवढेच जड वाहन.

मग काँक्रीटच करा, माती कशीही असो, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. काँक्रीटची लादी ताठ असते, भार स्वतःच दूरवर पसरवते, म्हणून तिची जाडी मातीच्या बळावर तेवढी अवलंबून नसते. कमी वाहतुकीच्या काँक्रीट रस्त्यासाठी रोड्स काँग्रेसची किमान जाडी १५० मिलिमीटर आहे. पण लादीला जोराच्या मातीपेक्षा एकसारखी माती जास्त लागते. पाइपलाइनचा चर नीट भरला नसेल, एका कडेने पाणी मुरत असेल, तर तिथला आधार निघून जातो, लादी अधांतरी राहते आणि पहिल्या भरलेल्या टिपरखाली आडवी चिरते. डांबरी रस्त्याला पडलेला खड्डा बुजवता येतो, चिरलेली लादी फोडूनच काढावी लागते. पेव्हर ब्लॉकना मी खाजगी गल्ल्यांसाठी जास्त योग्य मानते, कारण ते उचलून खालचे काम करता येते आणि पुन्हा बसवता येतात. पण टिपर येणार असतील तर साठ मिलिमीटरचा नव्हे, ऐंशीचा ब्लॉक हवा, आणि खाली दाबलेली खडी हवीच. निव्वळ मातीवर वाळू पसरून बसवलेले ब्लॉक चाकोरीत खचतात.

चरांबद्दल थोडे जास्त बोलायला हवे. भुयारी गटार, पाणी, वीज, इंटरनेट यांच्या वाहिन्या रस्त्याआधी टाकल्या गेल्या पाहिजेत हे सर्वांना मान्य असते. त्या टाकल्यावर चर कसा भरायचा यावर मात कुणी बोलत नाही. उकरलेली माती ढकलून वर चार पाय मारले की चर भरला असे समजतात. अरुंद चरात रोलर उतरत नाही, म्हणून तिथे हातात धरायचे दबाईयंत्र घेऊन थराथराने दाबावे लागते, आणि घराघराच्या जोडण्यांचे आडवे चरही त्यातच आले. नव्या रस्त्यावर ठराविक अंतराने दिसणाऱ्या आडव्या खळग्या बहुधा तिथल्याच असतात. पाण्याचेही तसेच. डांबरी पृष्ठाला मध्यापासून कडेला अडीच टक्के उतार, कडेला वाहते गटार, आणि खडीचा तळचा थर गटारापर्यंत मोकळा, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर पडेल. दोन्हीकडे उंच कर्बस्टोन लावून खडीचा थर पेटीत बंद केला तर चांगली मातीही पावसात भिजून बळ गमावते.

राहिला पैशाचा आणि विक्रीचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा आहे. माती, मुरूम आणि खडी नीट करून रस्ता तसाच ठेवावा, निम्म्याहून जास्त घरे होईपर्यंत टिपरना त्यावरून जाऊ द्यावे, जिथे खचेल तिथे भरून पुन्हा दाबावे आणि मग डांबर टाकावे, हा टप्प्याटप्प्याने बांधण्याचा मार्ग अभियंत्यांना नवा नाही. टिपर मग उपद्रव न ठरता रस्त्याचा कस लावणारे ठरतात. पण विकासक म्हणतो, डांबर दिसले नाही तर प्लॉट कोण घेणार? खरेदीदार म्हणतो, एकदा प्लॉट विकले की विकासक डांबर टाकायला परत येईल कशावरून? दोघांचीही भीती साधार आहे. त्यावर उपाय कराराचा आहे: डांबराची रक्कम विक्रीच्या वेळीच वेगळ्या खात्यात, विकासक आणि रहिवासी संघ दोघांच्या सहीशिवाय न निघणारी. दुसरीकडे, उखडलेल्या रस्त्यावर दर चार वर्षांनी नवा थर चढवत गेल्याने होणारे नुकसान कुणी मोजत नाही. रस्ता वर येतो, घराचे जोते खाली जाते आणि पावसाचे पाणी अंगणात शिरू लागते. खालची माती तशीच दुबळी असल्याने नवा थरही त्याच जागी फुटतो. अशा जुन्या गल्लीत खर्च करायचाच असेल तर आधी दोन ठिकाणी रस्ता खणून आत काय आहे ते पाहावे, वरचा जुना थर खरवडून काढावा, खचलेल्या जागची माती बदलावी आणि मगच डांबराचा दर विचारावा. नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेणाऱ्याने मंजुरीच्या कागदांसोबत तीन गोष्टी मागाव्यात: भिजवलेल्या मातीच्या सीबीआरचा अहवाल, प्रत्येक थराच्या घनतेची नोंद आणि रस्त्याचा थरांसकट छेद. यातले काहीच नसेल तर प्लॉटच्या किमतीत एक रस्ता पुन्हा बांधण्याचा आपला वाटा धरून मगच सौदा करावा.