सहा महिने कोरडा राहिलेला माणूस पुन्हा का वळतो?

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रॉन पकडलं. रस्त्यावर त्याला एमडी म्हणतात. अशी बातमी आली की चर्चा माल कुठून आला आणि कुठे चालला होता यावरच होते. रिसर्चच्या नजरेतून त्याहून अवघड प्रश्न वेगळा आहे. समजा चाकण एमआयडीसीतल्या एका कंत्राटी कामगाराने उपचार घेतले आणि सहा महिने कशाला हात लावला नाही. मग रात्रपाळी, थकलेला पगार, घरून फोन, असा एक वाईट आठवडा आला आणि तो पुन्हा तिकडे वळला. त्या द्रव्याचा शरीरातला अंश कधीच संपला होता. मग त्याला ओढलं कशाने?

व्यसनमुक्तीच्या भाषेत याला ‘स्लिप’ म्हणतात. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तो काळ गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा. गर्द बंद केल्यावरची ‘टर्की’ भयंकर असते, पण तिचा जोर काही दिवसांत ओसरतो. स्लिप मात्र महिन्यांनी होते. घरचे म्हणतात, “ह्याच्या मनातच नाही सोडायचं.” तुम्ही या विषयात पीएचडी करायच्या विचारात असाल, तर या वाक्याला जीवशास्त्रातून काय उत्तर देता येतं ते आधी समजून घ्या.

एमडी हे काही अफूच्या घराण्यातलं नाही. ते मुख्यतः डोपामीन आणि सेरोटोनिन वाढवतं. पण द्रव्य कुठलंही असो, ताण आवरण्याच्या कामात मेंदूच्या दोन यंत्रणांचा मोठा वाटा आहे आणि व्यसनात नेमक्या त्याच बिघडतात. एक अफूसारख्या रेणूंची, दुसरी गांजासारख्या रेणूंची.

मेंदूत अफूचे रिसेप्टर असल्याचं १९७३ मध्ये दिसलं. रिसेप्टर आहे म्हणजे शरीराचं स्वतःचं काहीतरी त्यावर बसत असणार. १९७५ मध्ये अॅबर्डीनला जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं केलं. गांजाची गोष्ट त्याच वळणाने गेली: टीएचसीची रचना १९६४ मध्ये, रिसेप्टर १९८८ मध्ये आणि मेंदूतला स्वतःचा रेणू १९९२ मध्ये. राफाएल मेशुलम यांच्या इस्रायलमधल्या गटाने त्याला नाव दिलं अॅनंडमाइड. त्यातला ‘आनंद’ आपलाच, संस्कृतातून घेतलेला. नाव गोड आहे, पण माझ्या मते थोडं फसवं. या रेणूचं रोजचं काम आनंद देण्यापेक्षा ब्रेक लावण्याचं जास्त आहे.

ताण आला की हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ सुटतं, पिट्युटरीतून एसीटीएच आणि अॅड्रीनलमधून कॉर्टिसॉल. ही साखळी तुम्ही बीएस्सीला पाठ केलेली असते. पुस्तकात एका ओळीत उरकलेली गंमत अशी की पीओएमसी नावाचं एकच लांबलचक प्रथिन कापून एसीटीएचही बनतं आणि बीटा-एंडॉर्फिनही. म्हणजे कारखान्याचा भोंगा आणि जखमेवरचं मलम एकाच साच्यातून निघतं. शरीराने ताणाबरोबर त्याच्या उताऱ्याचीही सोय केलेली आहे.

गांजासारख्या रेणूंचा प्रवास उलटा असतो. असेंब्ली लाइनवर पुढच्या स्टेशनला माल साचला की तिथला माणूस मागच्याला ओरडतो, “थांब रे जरा!” तसंच संदेश घेणारा न्यूरॉन हे रेणू तयार करून मागे पाठवतो आणि पाठवणारा न्यूरॉन हात आखडता घेतो. हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. कॉर्टिसॉल वाढलं की हायपोथॅलॅमसमध्ये हाच ब्रेक लागतो आणि ताणाची साखळी शांत होते.

हा ब्रेक माणसात किती महत्त्वाचा आहे ते एका औषधाने दाखवलं. रिमोनाबंट हे सीबी१ रिसेप्टर बंद करणारं लठ्ठपणावरचं औषध २००६ मध्ये युरोपात बाजारात आलं. वजन उतरलं, पण काही रुग्णांना नैराश्य आणि चिंतेने घेरलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये युरोपात विक्री थांबली आणि २००९ मध्ये भारतात बंदी आली.

आता बिघाड बघू. ताण महिनोन्महिने चालला तर प्राण्यांच्या अमिग्डालात अॅनंडमाइड तोडणारं एन्झाइम, एफएएएच, वाढतं. ब्रेक झिजतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या पेट स्कॅनमध्ये सीबी१ रिसेप्टर कमी दिसले. साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर मेंदूच्या बहुतेक भागांत ते परत आले. ही आशेची गोष्ट आहे, पण ते चार आठवडे काढायचे कसे, हे स्कॅन सांगत नाही.

अफूच्या यंत्रणेत तर घरभेदीच बसलाय: डायनॉर्फिन. हाही मेंदूचा स्वतःचा ओपिऑइड, पण तो कॅपा रिसेप्टरवर बसतो आणि सुखाऐवजी अस्वस्थता देतो. कोकेनसारखी द्रव्यं पुन्हा पुन्हा घेतली की मेंदू डोपामीनचा पूर आवरायला डायनॉर्फिन वाढवतो. नशा उतरते, पण वाढलेलं डायनॉर्फिन लगेच जात नाही. २००८ मधल्या एका प्रयोगात उंदरांना ताण देताना एक वास दिला. नंतर ते तो वास टाळू लागले. ज्या उंदरांत डायनॉर्फिनचं जनुकच नव्हतं, त्यांनी तो टाळला नाही. ताण सगळ्यांनाच दिला होता. त्यातला ‘नकोसेपणा’ या एका रेणूवाचून नोंदलाच गेला नाही.

आता तो वाईट आठवडा पुन्हा बघा. ब्रेक झिजलेला, मलम अपुरं आणि नकोसेपणाचा रेणू चढा. अशा मेंदूला मजेपेक्षा सुटका हवी असते, आणि सुटकेची एक वाट त्याला पाठ आहे. १९९५ मध्ये यावीन शाहम आणि जेन स्टुअर्ट यांनी हे उंदरांत दाखवलं होतं. हेरॉइनची कळ दाबणं सोडून दिलेल्या उंदरांना पायाला सौम्य शॉक दिला आणि ते पुन्हा कळ दाबू लागले. हेरॉइन मिळत नसतानाही! ब्युप्रेनॉर्फिन हे उपचारातलं औषध कॅपा रिसेप्टर अडवतंसुद्धा. त्याचा उपयोग फक्त अफूची जागा भरण्यापुरता आहे का, हा अभ्यासाचा जिवंत प्रश्न आहे.

आता तुमच्या कामाचं. मॉर्फीनसारखी द्रव्यं लॅबमध्ये आणायला एनडीपीएस कायद्याखाली परवानगी लागते आणि प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची. दोन्हीसाठी वेळ धरूनच टाइमटेबल करा. प्रपोजलमध्ये नुसतं ‘स्ट्रेस’ लिहू नका. पायाचा शॉक पाच-दहा मिनिटांचा असतो, चाकणची रात्रपाळी वर्षानुवर्षांची. दोन्हींत ब्रेक एकाच प्रकारे झिजतो असं गृहीत धरता येत नाही. बराचसा जुना डेटा नर उंदरांचा आहे, हेही बघा.

आणि रात्रपाळीवरच काम करणार असाल तर एक साधी गोष्ट प्रोटोकॉलमध्ये सगळ्यात आधी लिहा: उंदीर निशाचर आहे. आपल्या ड्युटीच्या वेळी, सकाळी अकराला दिवे लावून त्याला पिंजऱ्यातून काढलं, की रात्रपाळी सुरू होते ती त्याची. त्यामुळे तुमच्या कंट्रोल ग्रुपलासुद्धा ताण दिला जातोय का, हे पहिल्याच आठवड्यात कॉर्टिकोस्टेरॉन मोजून बघावं लागेल.