गाळणीवर काय राहतं? भाज्या-फळांचे रस आणि आपला आहार

सुरुवात बागेच्या फाटकापासून करूया. पुणे असो, नाशिक असो, मुंबईतलं एखादं जॉगर्स पार्क असो, सकाळी सहा-साडेसहाला फाटकाबाहेर एक टेबल लागलेलं असतं. त्यावर ओळीने बाटल्या किंवा स्टीलचे डबे: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, बीट-गाजर, कडुनिंब. समोर पाटी, कुठला रस कुठल्या आजारावर त्याची. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सांधेदुखी, सगळं त्या पाटीवर असतं. दोन फेऱ्या मारायच्या, ग्लास संपवायचा आणि घरी जायचं, हा कित्येकांचा नेम झालेला आहे.

आम्ही आहाराचा सल्ला देणारी माणसं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी त्या टेबलाकडून आलेले असतात, आणि पहिला प्रश्न हाच असतो: "रस घेतो, चांगलं आहे ना?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचं हे व्याख्यान.

आधी रस म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. भाजी किंवा फळ म्हणजे पेशींची भिंतच असते म्हणा. त्या भिंती सेल्युलोज, पेक्टिन वगैरेंच्या. त्यांच्या आत पाणी, साखर, क्षार, जीवनसत्त्वं, रंगद्रव्यं. मिक्सरचं पातं या भिंती फोडतं. इथपर्यंत काही वाईट झालेलं नाही. खरं नुकसान होतं ते पुढच्या पायरीला, गाळणीवर. चोथा वर राहतो, आणि बऱ्याच घरांतून तो थेट ओल्या कचऱ्यात जातो. त्या चोथ्यात तंतू असतात, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो ते. पोट साफ राहायला, साखर रक्तात हळूहळू जायला, आतड्यातल्या चांगल्या जंतूंना खाद्य मिळायला ज्याची गरज, तेच आपण फेकतो आणि उरलेलं 'पौष्टिक' म्हणून पितो. मशीन 'कोल्ड प्रेस'चं महागडं असलं तरी चोथा वेगळाच पडतो, हे लक्षात घ्या.

याचा परिणाम किती होतो? १९७७ साली ब्रिटनमध्ये एक छोटासा, पण फार बोलका प्रयोग झाला. दहा निरोगी माणसं घेतली. त्यांना एकदा सफरचंदं खायला दिली, एकदा त्याच सफरचंदांचा लगदा दिला आणि एकदा रस. तिन्ही वेळा पिष्टमय पदार्थांचं, म्हणजे मुख्यतः साखरेचं प्रमाण सारखंच, ६० ग्रॅम. रस हा सफरचंदांपेक्षा अकरा पट वेगाने संपला. पोट भरल्याची भावना रसाने सगळ्यात कमी आली. रसानंतर इन्सुलिन जास्त चढलं आणि मग रक्तातली साखर खाली घसरली. म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा भूक. साखर तीच, फळ तेच, फक्त रूप बदललं.

घरचा हिशेब करून बघा. एका मोठ्या ग्लासला तीन-चार मोसंब्या लागतात. चार मोसंब्या सोलून, फोडी चावून खायला बसा, दुसऱ्या मोसंबीनंतर तुम्हीच म्हणाल, पुरे. रस मात्र उभ्या उभ्या दोन मिनिटांत जातो. अडीचशे मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण २० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. "पण ती नैसर्गिक आहे ना!" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत फळांच्या रसातली साखर 'मुक्त साखर' म्हणून वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली. अख्ख्या फळातली साखर मात्र त्या रांगेत नाही. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ही मुक्त साखर असावी, पाच टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी बरं, असं ती तत्त्वं सांगतात.

२०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या पाहण्यांचं विश्लेषण आलं होतं. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं, जास्त खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत थोडं जास्त. आता अशा पाहणीतून रसानेच मधुमेह झाला असं सिद्ध होत नाही, रस पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात. पण आधीच्या प्रयोगाशी हे जुळतं खरं.

बाटलीबंद रसाबद्दल फार बोलत नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना लेबलवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितला, कारण आत मुख्यतः पाणी आणि त्यात पुन्हा मिसळलेला आटवलेला रस असतो. एवढं पुरे.

मग रस वाईटच का? नाही, तसंही नाही. गाजराचंच घ्या. त्यातलं बीटा-कॅरोटिन पेशींच्या भिंतीत अडकलेलं असतं. कच्चं गाजर नीट न चावता गिळलं तर त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. किसलं, शिजवलं किंवा रस काढला तर ते जास्त मिळतं, सोबत थोडी स्निग्धता असेल तर आणखी. आपला तुपातला गाजर हलवा त्या बाबतीत शास्त्राला धरून आहे, साखरेचं सोडून द्या. बिटाचंही तसंच. बिटात नायट्रेट असतं, तोंडातले जंतू त्याचं नायट्राइट करतात, पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. बिटाच्या रसाने काही तास रक्तदाब उतरतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. गंमत म्हणजे जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर हा परिणाम पुष्कळसा जातो, कारण मधले कामगारच मरतात! पण म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून बीट सुरू करायचं नाही. आमच्याकडे तसं करून आलेले आहेत, म्हणून सांगतो.

गव्हांकुराबद्दल प्रश्न येतोच. 'हिरवं रक्त' म्हणून तो विकला जातो. हरितद्रव्याचा रेणू आणि हिमोग्लोबिनमधला हीम यांची रचना दिसायला सारखी आहे, एकात मध्यभागी मॅग्नेशियम, दुसऱ्यात लोह. इथपर्यंत खरं. पण शरीर काही मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवत नाही. रक्त कमी असेल तर लोह पोटात गेलं पाहिजे, त्यासाठी बाजरी, डाळी, पालेभाज्या खा आणि वर लिंबू पिळा, आणि तपासणी करून डॉक्टरांनी दिली तर गोळी घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला, तिच्याकडे येतो. दुधी.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. शिकलेला माणूस, आरोग्यासाठीच घेत होता. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने अशा घटनांचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानंतरही, २०१८ साली, आपल्या पुण्यात एका महिलेचा दुधीचा रस घेतल्यावर मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या.

होतं काय? दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सगळी एका कुळातली. या कुळाच्या झाडांकडे किडी-जनावरांपासून वाचायला एक हत्यार आहे, कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं. माणसाने हजारो वर्षं गोड फळांचं बी निवडत ही द्रव्यं अगदी कमी केली. पण झाड विसरलेलं नाही. कडक ऊन, पाण्याची ओढ, रानटी जातीशी झालेला संकर अशा कारणांनी एखाद्या फळात ती पुन्हा भरपूर उतरतात. बाहेरून काही कळत नाही. तोच वेल, तोच रंग, तशीच लव. कळतं ते फक्त जिभेला.

आपल्या घरांत हे माहीत होतं. काकडीचं देठाकडचं टोक कापून ते घासायची, फेस काढायची पद्धत अजून आहे. फेसाने कडूपणा खरंच जातो का, यावर वाद घाला, पण त्या निमित्ताने कोणीतरी एक चकती तोंडात टाकून बघायचं. दुधीची भाजी करणारी बाईसुद्धा चिरताना तुकडा चाखायची आणि कडू निघाला तर अख्खा दुधी टाकून द्यायची. भाजी होईपर्यंत दोन-तीनदा चव बघितली जायची, आणि कडू भाजी ताटात आलीच तर पोरंटोरं एका घासात ओरडायची. म्हणजे पहारा होता.

रसाने हा पहारा उठवला. एक तर रस चवीसाठी पितच नाही आपण. नाक दाबून, एका दमात. दुसरं म्हणजे 'कडू ते औषध' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिसरं, दुधीत कारलं मिसळलं की कडू कोण, तेच कळत नाही. कारल्याचा कडूपणा त्याच्या स्वतःच्या द्रव्यांचा, तो आपल्या ओळखीचा, त्यामागे विषारी दुधी सहज लपतो. आणि पुदिना, आलं, लिंबू, सैंधव घातलं की उरलीसुरली खूणही बुजते.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची गोष्ट. निवृत्त, शिस्तीचे. एके दिवशी रस नेहमीपेक्षा कडू लागला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, टाकून द्या." हे म्हणाले, "अगं, कडूच गुणकारी असतं," आणि ग्लास संपवला. थोड्याच वेळात पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, उलटीत रक्त. रक्तदाब इतका खाली गेला की दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपत आली होती. अतिदक्षता विभागात राहून ते वाचले. आता ते स्वतःच बागेत सगळ्यांना सांगत फिरतात.

या विषावर उतारा नाही. सलाइन, रक्तदाब सांभाळणं, रक्तस्राव आटोक्यात ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं, म्हणून वेळ महत्त्वाचा. समितीने सांगितलेलं अगदी साधं आहे: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू असेल तर टाका. दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी असं काही झालं तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठा. जाताना कडू रस प्यायल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण वरून ते साध्या विषबाधेसारखं दिसतं. आमची त्यात एक भर: कडू दुधी शिजवून चालेल असं समजू नका, ही द्रव्यं उष्णतेने सहज नष्ट होत नाहीत. आणि बाहेरच्या टेबलावरचा दुधीचा रस नकोच. तिथे तुकडा कोणी चाखला, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. भाज्या-फळांत पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाला ते हवंच, पण मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. भाजी शिजवून पाणी काढून टाकलं तर थोडं कमी होतं. रसात उलट तेच एकवटतं. पालक आणि बिटात ऑक्झलेट असतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी रोज कच्च्या पालकाचा रस घेणं म्हणजे खड्याला निमंत्रण. भरपूर ऑक्झलेटचे रस दीर्घकाळ घेऊन मूत्रपिंडच बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अजिबात नको, त्यातलं द्रव्य मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतं. रक्त पातळ ठेवण्याच्या काही गोळ्या चालू असतील तर हिरव्या रसाचं प्रमाण अचानक वाढवू नका, 'के' जीवनसत्त्वामुळे गोळीचा हिशेब चुकतो. थायरॉइडची गोळी फक्त पाण्याबरोबर घ्यायची असते, रसाबरोबर नाही.

किती खायचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवली आहेत. भाज्या चौपट, फळं एक हिस्सा. आपल्या ग्लासात बहुतेक वेळा उलटं असतं. रस आवडतच असेल तर छोटी वाटीभर, भाजी जास्त, फळ कमी, गाळणी न लावता, ताजा आणि जेवणाबरोबर. आमरस बघा ना, तो रस नावाचा असला तरी गर आहे, तंतू बरेचसे आतच असतात. किती वाट्या, हा प्रश्न उरतोच, पण तो आंब्याचा दोष नाही. आणि चोथा निघालाच तर थालीपिठात घाला, बीट-गाजराचा फार छान लागतो.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो आणि थांबतो. "वडील ८० वर्षांचे, दात नाहीत, फळं चावता येत नाहीत. त्यांना रस द्यायचा नाही का?" द्या ना. चावता न येणं हे रसाचं सगळ्यात प्रामाणिक कारण आहे. पपई, चिकू, केळं कुस्करून, सफरचंद वाफवून, भाज्यांचं सार न गाळता घोटून द्या. संत्र्याचा रस काढलात तर गर राहू द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं काही असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि दुधी द्यायचा असेल तर तो तुकडा तुम्ही चाखायचा. या वयात चव मंदावलेली असते, कडू त्यांना कळेलच असं नाही.