लास्लो : हंगेरीने आपलेसे केलेले नाव

लास्लो हे हंगेरीतील पुरुषांचे एक जुने आणि घरोघरी आढळणारे नाव आहे. राजे, संत, चित्रकार, गणिती, मुष्टियोद्धे, कादंबरीकार अशा नाना प्रकारच्या माणसांनी ते धारण केले. आज हे नाव ऐकताच कोणीही ते अस्सल हंगेरियन मानतो. प्रत्यक्षात ते हंगेरियन भाषेत जन्मलेले नाही. ते शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून आले आणि अकराव्या शतकातील एका राजाच्या कीर्तीमुळे हंगेरीत कायमचे रुजले.

नवव्या शतकाच्या अखेरीस हंगेरियन टोळ्या पूर्वेकडून येऊन कार्पेथियन पर्वतांनी वेढलेल्या खोऱ्यात स्थिरावल्या. त्यांची भाषा आजूबाजूच्या भाषांहून सर्वस्वी वेगळी, युरालिक कुळातली होती. सभोवती मात्र स्लाव्ह भाषा बोलणारे समाज होते. त्यांच्यात ‘व्लादिस्लाव’ हे नाव रूढ होते. त्याचा पहिला भाग सत्तेचा आणि दुसरा कीर्तीचा वाचक आहे. शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन येणे हे हंगेरियन भाषेच्या जुन्या वळणात बसत नसे. त्यामुळे सुरुवातीचा ‘व’ गळाला, शेवट आखूड झाला आणि ‘लास्लो’ हे रूप घडले. लॅटिन कागदपत्रांत हेच नाव ‘लादिस्लाउस’ असे लिहिले जाई. पोलंडमधील ‘व्लादिस्लाव’ आणि चेक व स्लोव्हाक भाषांतील ‘लादिस्लाव’ ही याच नावाची भावंडे आहेत. घरात आणि मित्रमंडळींत लास्लोचा ‘लॉत्सी’ होतो. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर येते, म्हणून पुढे हंगेरियन व्यक्तींची नावे त्याच क्रमाने दिली आहेत.

संत राजा

या नावाला प्रतिष्ठा मिळाली ती पहिल्या लास्लोमुळे. त्याचा जन्म 1040च्या सुमारास पोलंडमध्ये झाला. त्याचे वडील बेला त्या वेळी हंगेरीतून परागंदा होऊन तिथे राहत होते आणि आई पोलिश राजकन्या होती. पुढे बेला हंगेरीचा राजा झाला, पण अवघ्या तीन वर्षांत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर चुलतभावांमध्ये गादीसाठी भांडणे झाली. लास्लोचा थोरला भाऊ गेझा 1074 मध्ये राजा झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर 1077 मध्ये लास्लो गादीवर आला.

ख्रिस्ती धर्म स्वीकारून हंगेरीला तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. वारसायुद्धांनी देश विस्कटला होता, चोऱ्या-लुटालूट माजली होती. लास्लोने मालमत्तेच्या रक्षणासाठी अतिशय कडक कायदे केले. 1083 मध्ये हंगेरीचा पहिला राजा इश्तवान आणि त्याचा मुलगा इम्रे यांना संत म्हणून मान्यता मिळाली, ती लास्लोच्याच पुढाकाराने. यामुळे नव्या ख्रिस्ती राज्याला स्वतःचे संत लाभले आणि राजघराण्याचे स्थान भक्कम झाले. 1091 मध्ये लास्लोने क्रोएशियात सैन्य नेले आणि पुढे झाग्रेब येथे बिशपचे पीठ स्थापन केले. 29 जुलै 1095 रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याची समाधी नॉजवाराद या नगरात होती. आज ते रोमानियात असून ओरादेआ या नावाने ओळखले जाते. 1192 मध्ये, तिसऱ्या बेलाच्या कारकिर्दीत, लास्लोला संतपद देण्यात आले.

इश्तवान हा राज्य घडवणारा संत, तर लास्लो हा शूर योद्धा संत, अशी विभागणी लोकमानसात झाली. धिप्पाड देहाचा, हाती परशू घेतलेला, दुर्बळांच्या मदतीला धावणारा राजा अशी त्याची प्रतिमा कथांतून घडत गेली. यातली सर्वांत प्रसिद्ध कथा 1068 मधील केरलेशच्या लढाईशी जोडलेली आहे. पूर्वेकडच्या भटक्या टोळीतील एक स्वार एका हंगेरियन मुलीला घोड्यावर घालून पळवत होता. तरुण लास्लोने त्याचा पाठलाग केला, त्याच्याशी झुंज घेतली आणि मुलीला सोडवले, अशी ही कथा. मध्ययुगात अनेक चर्चच्या भिंतींवर ती चित्रमालिकेच्या रूपाने रंगवली गेली. आजच्या रोमानियातील ट्रान्सिल्व्हानियात आणि स्लोव्हाकियात अशी कित्येक भित्तिचित्रे पाहायला मिळतात. राजांच्या सोन्याच्या नाण्यांवरही परशूधारी लास्लो झळकू लागला.

खेड्यापाड्यांतल्या कथा याहून साध्या आहेत. देशात रोगाची साथ आली तेव्हा राजाने प्रार्थना करून आकाशात बाण सोडला आणि तो ज्या वनस्पतीवर पडला तिच्यात रोग बरा करण्याचा गुण निघाला, असे एक कथा सांगते. जेन्शियन जातीच्या एका वनस्पतीला त्यामुळे ‘संत लास्लोची वनस्पती’ म्हणतात. दुसऱ्या कथेत पळणारे शत्रू मागे सोन्याची नाणी उधळतात आणि सैनिक ती वेचण्यात गुंततात. राजा प्रार्थना करतो, नाण्यांचे दगड होतात आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो. या दगडांना ‘संत लास्लोचे पैसे’ असे नाव आहे. शास्त्राच्या दृष्टीने ते न्युम्युलाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवांच्या चकतीसारख्या कवचांचे जीवाश्म आहेत.

राजाच्या कवटीचा अवशेष सोन्याचा मुलामा दिलेल्या एका अर्धपुतळ्यात जतन केलेला आहे आणि तो आज द्यौर शहराच्या कॅथेड्रलमध्ये ठेवला आहे. 1763 मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा लोकांनी हा अवशेष घेऊन मिरवणूक काढली. ती मिरवणूक द्यौरमध्ये आजही दरवर्षी निघते.

याच नावाचे पुढचे राजे

नंतरच्या ज्या राजांनी हे नाव घेतले त्यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. चौथा लास्लो 1272 मध्ये दहा वर्षांचा असताना गादीवर आला. त्याची आई कुमन या भटक्या जमातीतली होती. तो स्वतःही कुमनांच्या चालीरीतींत रमला, त्यामुळे ‘कुमन लास्लो’ हीच त्याची ओळख झाली. 1278 मध्ये बोहेमियाच्या राजाविरुद्धच्या निर्णायक लढाईत त्याने हाब्सबुर्ग घराण्याच्या रुडॉल्फला साथ दिली. हाब्सबुर्ग सत्तेचा पाया या विजयाने घातला गेला. स्वदेशात मात्र सरदार आणि चर्च यांच्याशी त्याचे पटले नाही. 1290 मध्ये कुमनांनीच त्याची हत्या केली.

पाचवा लास्लो वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1440 मध्ये जन्मला. त्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून त्याच्या आईने आपली दासी हेलेने कोटानर हिच्याकरवी हंगेरीचा पवित्र मुकुट किल्ल्यातून गुपचूप बाहेर काढला आणि अवघ्या काही आठवड्यांच्या बाळाचा राज्याभिषेक झाला. या धाडसाची हकीकत हेलेनेने स्वतः लिहून ठेवली आहे. हाच राजा सतरा वर्षांचा असताना त्याच्या आदेशाने बुडामध्ये हुन्यादी लास्लो या तरुण सरदाराचा शिरच्छेद झाला. तुर्कांना बेलग्रेडजवळ रोखणाऱ्या हुन्यादी यानोशचा हा थोरला मुलगा. त्याच वर्षी, 1457 मध्ये, राजाही प्राग येथे मरण पावला आणि पुढच्या वर्षी हुन्यादी लास्लोचा धाकटा भाऊ मात्याश हंगेरीचा राजा झाला. एर्केल फेरेन्त्स याने 1844 मध्ये रंगभूमीवर आणलेला ‘हुन्यादी लास्लो’ हा ऑपेरा याच शोकांतिकेवर आधारलेला आहे.

देशाबाहेर गेलेले लास्लो

बाहेरून आलेले हे नाव विसाव्या शतकात पुन्हा देशाबाहेर पसरले. दोन महायुद्धे, ज्यूविरोधी कायदे आणि नंतरची साम्यवादी राजवट यांमुळे असंख्य हंगेरियन माणसांनी देश सोडला आणि त्यांत कर्तबगार लास्लोही होते.

बीरो लास्लो याच्या शोधाची फळे महाराष्ट्रातला प्रत्येक शाळकरी मुलगा वापरतो. 1899 मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेला बीरो पत्रकार होता. छापखान्यातील शाई लगेच वाळते आणि पसरत नाही, हे त्याने पाहिले. ती शाई फाउंटन पेनमध्ये भरली तर दाटपणामुळे वाहत नसे. पेनच्या टोकाशी बारीक गोळी बसवावी, ती फिरताना आतली शाई बाहेर आणून कागदावर लावील, ही कल्पना जुनी होती, पण आधीच्या प्रयत्नांत शाई तरी गळे किंवा अडकून बसे. लास्लोने रसायनशास्त्र जाणणारा आपला भाऊ द्यर्द्य याच्या मदतीने योग्य दाटपणाची शाई तयार केली आणि 1938 मध्ये पेटंट घेतले. ज्यूविरोधी कायद्यांमुळे त्याला हंगेरी सोडावी लागली. तो आधी पॅरिसला आणि मग अर्जेंटिनाला गेला. तिथे 1943 मध्ये त्याने सुधारित पेनचे पेटंट घेऊन उत्पादन सुरू केले. विमान उंचावर गेले तरी हे पेन गळत नसे, त्यामुळे ब्रिटिश हवाई दलाला ते उपयोगी पडले. पुढे फ्रान्सच्या मार्सेल बिकने हक्क विकत घेऊन 1950 मध्ये अतिशय स्वस्त पेन बाजारात आणले. ब्रिटनमध्ये बॉलपेनला आजही ‘बायरो’ म्हणतात आणि बीरोचा जन्मदिवस, 29 सप्टेंबर, अर्जेंटिनात संशोधक दिन म्हणून पाळला जातो.

मोहोय-नॉज लास्लो (1895–1946) याने आधुनिक कला आणि डिझाइन यांच्या शिक्षणाची दिशा बदलली. पहिल्या महायुद्धात सैनिक असताना तो पोस्टकार्डांवर रेखाटने करत असे. 1923 मध्ये तो जर्मनीतील बाउहाउस या विख्यात कलाशाळेत शिक्षक झाला. प्रकाश हेच कलेचे माध्यम मानून त्याने कॅमेऱ्याशिवाय, प्रकाशसंवेदी कागदावर थेट वस्तू ठेवून छायाचित्रे काढली. नाझी सत्तेवर आल्यानंतर त्याला जर्मनी सोडावी लागली आणि 1937 मध्ये त्याने शिकागोत ‘न्यू बाउहाउस’ ही शाळा सुरू केली.

आल्माशी लास्लो (1895–1951) हा वैमानिक आणि वाळवंटाचा शोधक होता. 1933 मध्ये इजिप्तच्या नैर्ऋत्य भागातील गिल्फ केबीर पठारावर त्याला पोहणाऱ्या माणसांची प्रागैतिहासिक चित्रे असलेली गुहा आढळली. दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मन हेरांना लिबियाच्या वाळवंटातून इजिप्तमध्ये पोहोचवले. मायकल ओंडात्जे यांच्या 1992 मधील ‘द इंग्लिश पेशंट’ या कादंबरीतील नायकाला त्याचे नाव दिले आहे, पण कादंबरीतील प्रेमकथा काल्पनिक आहे.

फुटबॉलपटू कुबाला लास्लो (1927–2002) 1949 मध्ये साम्यवादी हंगेरीतून पळून गेला आणि पुढे बार्सिलोना क्लबचा लाडका खेळाडू ठरला. चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्पेन अशा तीन देशांच्या राष्ट्रीय संघांतून तो खेळला.

मायदेशी गाजलेले

मुष्टियोद्धा पॉप लास्लो (1926–2003) हंगेरीतच राहिला. 1948, 1952 आणि 1956 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा तो पहिला मुष्टियोद्धा. नंतर व्यावसायिक लढतींत तो युरोपचा विजेता झाला, पण जागतिक विजेतेपदासाठी लढण्याची परवानगी सरकारने त्याला दिली नाही. आपली ताकद शिखरावर असताना हा मोठा खेळाडू त्या एका लढतीला मुकला, याची हळहळ हंगेरीत आजही आहे.

शिक्षणतज्ज्ञ पोल्गार लास्लो याचे म्हणणे असे, की अलौकिक बुद्धी जन्मजात नसते, ती घडवता येते. त्याने पत्नीच्या साथीने आपल्या तिन्ही मुलींना, झुझा, झोफिया आणि युदित यांना, घरीच शिकवले आणि लहानपणापासून बुद्धिबळाचे धडे दिले. झुझा 1996 मध्ये महिलांची विश्वविजेती झाली. युदितने 1991 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर किताब मिळवून बॉबी फिशरचा विक्रम मोडला. मुली पुरुषांच्या तोडीने खेळू शकत नाहीत, या जुन्या समजुतीला या घराने मोठा धक्का दिला.

1948 मध्ये जन्मलेले गणिती लोवास लास्लो यांचे काम बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या रचनांविषयी, म्हणजे ग्राफ सिद्धांताविषयी आहे. एर्डिश पाल यांच्यासह त्यांनी 1975 मध्ये मांडलेले एक तत्त्व असे : अनेक नको त्या घटनांपैकी प्रत्येकीची शक्यता पुरेशी कमी असेल आणि प्रत्येक घटना मोजक्याच इतर घटनांशी निगडित असेल, तर त्या सगळ्या एकाच वेळी टळण्याची शक्यता शिल्लक असतेच. 1982 मध्ये दोन लेन्स्ट्रा बंधूंबरोबर त्यांनी दिलेली गणनपद्धती सांकेतिक लिपींच्या शास्त्रात आजही वापरली जाते. 2021 मध्ये त्यांना आवी विग्डरसन यांच्यासह आबेल पारितोषिक मिळाले.

साहित्यात क्रॉस्नॉहोर्कॉई लास्लो यांचे नाव अग्रभागी आहे. 1954 मध्ये द्युला या गावात जन्मलेल्या या लेखकाची ‘शातानतांगो’ ही पहिली कादंबरी 1985 मध्ये आली. मोडकळीला आलेल्या वस्तीतील माणसे खोट्या तारणहाराच्या मागे कशी जातात, हे तिच्यात पानेच्या पाने चालणाऱ्या दीर्घ वाक्यांतून उलगडते. दिग्दर्शक तार बेला यांनी 1994 मध्ये तिच्यावर सात तासांहून मोठा चित्रपट काढला. 2015 मध्ये क्रॉस्नॉहोर्कॉई यांना मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार आणि 2025 मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्तेस इम्रे यांच्यानंतर साहित्याचे नोबेल मिळवणारे ते दुसरे हंगेरियन लेखक.

नाव आणि आजचा समाज

हंगेरीत वाढदिवसासारखाच ‘नावदिवस’ही साजरा होतो. दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेला एक किंवा अधिक नावे नेमलेली असतात. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला घरचे, मित्र आणि सहकारी शुभेच्छा देतात, फुले किंवा खाऊ देतात. लास्लोचा नावदिवस 27 जून, म्हणजेच संत लास्लोचा सण. बाळाचे नाव ठेवताना पालकांनी मान्यताप्राप्त नावांच्या अधिकृत यादीतून ते निवडायचे असते. यादीबाहेरचे नाव हवे असेल तर अर्ज करावा लागतो आणि भाषातज्ज्ञांचे मत घेतले जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यात लास्लो हे हंगेरीतील मुलग्यांच्या सर्वांत लोकप्रिय नावांपैकी एक होते. म्हणूनच आज पन्नाशी-साठीच्या पुढच्या पुरुषांत ते फार आढळते. तरुण पालकांचा ओढा आता बेन्त्से, माते, लेव्हेन्ते यांसारख्या नावांकडे अधिक आहे. तरीही वडिलांचे किंवा आजोबांचे नाव मुलाला देण्याची प्रथा अनेक घरांत टिकून असल्यामुळे लास्लो हे नाव नव्या पिढीतही ठेवले जाते.