क्लाउडवरचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय? संस्थेच्या हिशोबासाठी समजून घेऊ



सभासदांची नोंद, रोजच्या माशांचं वजन, कुणाचं किती देणं, होडी-जाळ्याचं कर्ज, हे सगळं आता संस्थेच्या कॉम्प्युटरवर आहे. पण तो एकाच खोलीत, एकाच टेबलावर! ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा कशा चढल्या, ते निपाणी-चिकोडी भागात कुणाला सांगायला नको. तसं पाणी खोलीत शिरलं तर वह्याही जातील आणि कॉम्प्युटरही. म्हणून हिशोब ‘क्लाउड’वर ठेवायचा विचार आहे.

क्लाउड म्हणजे ढग, पण तो आकाशात नसतो. मोठ्या इमारतींत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतात, ते आपण इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे. मायक्रोसॉफ्टचं असं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत.

मग ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ काय? धरणात पिंजरे टाकून मासे वाढवतात तसंच. पाणी एकच, पण प्रत्येकाचा पिंजरा वेगळा. इथे एका ताकदवान मशीनचे सॉफ्टवेअरने कप्पे पाडतात. प्रत्येक कप्पा स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा चालतो. शेजारच्याला आपलं दिसत नाही. काम वाढलं की कप्पा मोठा करून घ्यायचा, कमी झालं की लहान. मशीन विकत घ्यावी लागत नाही.

पण चार गोष्टी ध्यानात ठेवा:

१. मशीन त्यांची, कुलूप आपलं. पासवर्ड फुटला तर जबाबदारी आपलीच.

२. क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची व्यवस्था आपणच करायची.

३. मीटर चालूच राहतो. वापर नसताना सर्व्हर चालू ठेवला तरी बिल येतं.

४. खातं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर हवं. कॉम्प्युटरवाल्या पोराच्या ईमेलवर काढलं आणि तो काम सोडून गेला, तर आपलाच हिशोब आपल्याला उघडता येणार नाही.

आणि काठावर रेंज जाते, हे आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे वजनाची कागदी पावती बंद करायची नाही.

सभेत हा विषय आला की तीन प्रश्न विचाराच: पासवर्ड कुणाकडे? बॅकअप कुठे? महिन्याचं बिल किती? उत्तरं मिळाली की मगच हात वर करा.