विश्रांतीत लपलेली दुखापत

2001 मध्ये व्हिएन्नाला खेळातल्या कन्कशनवर, म्हणजे मार बसून मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यावर, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा डॉक्टरांची मदार मुख्यतः प्रश्नांवर होती. डोकं दुखतंय का? गरगरतंय का? पण मैदान सोडायचं नसलेला खेळाडू खरं सांगेलच असं नाही, आणि कन्कशनमध्ये सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येतो. त्यामुळे खेळाडूला दडवता येणार नाही अशी खूण हवी होती. काही संशोधक ती हृदयात शोधू लागले.

मिनिटाला साठ ठोके पडत असले, तरी दोन ठोक्यांमधलं अंतर कधी 950 मिलिसेकंद असतं, कधी 1040. श्वास घेताना ते आखडतं, सोडताना लांबतं. मेंदूच्या बुडाशी असलेली केंद्रं व्हेगस नसेमार्फत हा चढउतार सांभाळतात. 1996 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी त्याच्या मोजमापाचे निकष ठरवून दिले होते. मेंदूला हादरा बसला तर या नियंत्रणावरही परिणाम होणार, हा तर्क सरळ होता.

2004 मध्ये कॅनडातल्या गॉल, पार्कहाउस आणि गुडमन यांनी कन्कशन झालेल्या आइस हॉकीपटूंवर तो तर्क तपासला. स्वस्थ बसलेले असताना जखमी आणि धडधाकट खेळाडूंत फरक दिसेना. व्यायामाला लावल्यावर मात्र दिसला: जखमींचा चढउतार कमी पडत होता. या सगळ्या वाटचालीतला सर्वांत मोलाचा धडा मला हाच वाटतो. बाकावर बसून ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्याचं शरीर श्रमाला तोंड द्यायला तयार असेलच असं नाही.

अमेरिकेतल्या बफेलोत संशोधक लेडी आणि विलर यांनी श्रमाचाच उपयोग करून घेतला. ट्रेडमिलचा चढ दर मिनिटाला थोडा वाढवायचा आणि त्रास वाढू लागला की थांबायचं. त्या क्षणाची हृदयगती ही मर्यादा. 2019 मध्ये त्यांनी 103 किशोरवयीन खेळाडूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मर्यादेच्या आत राहून व्यायाम करणारे साधारण 13 दिवसांत सावरले, नुसतं स्ट्रेचिंग करणारे 17 दिवसांत. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्ला मागे पडू लागला.

सुरुवातीच्या चाचण्या किती फसव्या ठरू शकतात, हेही त्याच वर्षी दिसलं. ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवरच्या क्रिकेट कसोटीत इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. प्राथमिक चाचण्या पार करून तो पुन्हा फलंदाजीला आला, 80 वरून 92 वर गेला. त्रास दुसऱ्या दिवशी उघड झाला, आणि त्याच्या जागी आलेला लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला.

कन्कशनवरच्या 2022 च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेने लवकर, हलक्या हालचालीला पाठिंबा दिला. ठोक्यांच्या चढउताराला मात्र निदानाच्या नेहमीच्या चाचण्यांत जागा मिळाली नाही. ते योग्यच झालं. अपुरी झोप, काळजी, औषधं, वय, कशानेही तो आकडा हलतो. मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून मुलाला पुन्हा मैदानात सोडणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. सावरण्यावर लक्ष ठेवायला हे मोजमाप उपयोगी पडू शकेल, पण त्यासाठी त्याच खेळाडूची मार बसण्यापूर्वीची नोंद हाताशी हवी. म्हणून ती हंगामाच्या सुरुवातीलाच, बसलेला असताना आणि व्यायाम करताना, अशी दोन्ही वेळा घ्यायला हवी.